चालती वर्षं

विरारच्या पश्चिमेला समुद्र आहे आणि पूर्वेला डोंगर. पश्चिमेकडे आगाशी, नंदाखाल, अर्नाळा इथल्या वाड्या. केळी, नारळ, पानवेली, मोगरा, सोनचाफा. उजाडायच्या आत फुलांच्या टोपल्या दादरच्या बाजाराकडे निघालेल्या असतात. पूर्वेकडे जीवदानीचा डोंगर, त्याच्या पलीकडे तुंगारेश्वरचं रान, आणि शिरसाड फाटा ओलांडला की पारोळ, उसगाव, खानिवडे. तानसेचा काठ, आदिवासी पाडे, वीटभट्ट्या. लग्न होऊन इथे आले तेव्हापासून या दोन्ही दिशा माझ्याच. पण रोज सकाळी मी निघत राहिले ती तिसऱ्या दिशेला. दक्षिणेला, चर्चगेटकडे.

ही वाट फार जुनी आहे. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली गाडी धावली. सकाळी पावणेसातला विरारहून निघायची आणि संध्याकाळी साडेपाचला मुंबईहून परतायची. दिवसाला एकच फेरी. पण माणसाचा दिवस कुठे सुरू व्हायचा आणि कुठे संपायचा हे त्या एका फेरीने ठरवून टाकलं, ते आजतागायत तसंच आहे. माझ्या उमेदीत १९९२ साली महिलांसाठी स्वतंत्र लोकल सुरू झाली आणि पुढच्या वर्षी ती विरारपर्यंत आली. त्या डब्यांनी आम्हाला सांभाळलं. पापडीच्या शेंगा सोलत, गजरे ओवत, हळदीकुंकवाची वाणं लुटत, एकमेकींची बाळंतपणं आणि आजारपणं ऐकत आमची पिढी त्या गाडीत वयाने वाढली. फोर्टमधल्या एका कंपनीच्या हिशेब खात्यात मी कारकून म्हणून लागले आणि लेखापाल झाले. त्या नोकरीने घर उभं केलं, लेकीचं शिक्षण केलं, सासऱ्यांच्या शेवटच्या दुखण्यात औषधपाण्याला काही कमी पडू दिलं नाही. तिच्याविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे. जे काम मी पुढे निवडलं त्याला मोठं म्हणण्यासाठी त्या कामाला लहान म्हणायची मला गरज वाटत नाही.

तरी पंचावन्नी ओलांडल्यावर एक गोष्ट मनात टोचू लागली. माझ्या आजूबाजूला सगळ्यांचंच काही ना काही पुढे ढकललेलं होतं. कुणाला गाणं शिकायचं होतं, कुणाला गावाकडची पडीक वाडी पुन्हा लावायची होती. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला तिच्या माहेरच्या गावात मुलींना शिवण शिकवायचं होतं. तिच्या हातात कसब होतं. आमच्या कितीतरी जणींचे ब्लाऊज तिने रविवारी बसून शिवून दिले होते. 'साठ होऊ दे, मग करते,' असं ती म्हणायची. साठ झाली. निरोपसमारंभ झाला, शाल-श्रीफळ झालं. तोवर डोळ्यांनी दगा दिला होता. सुईत दोरा ओवायला नातीला हाक मारावी लागायची. ती दुःखी नव्हती, समाधानात होती. पण गावातल्या ज्या मुली तिच्याकडून शिकल्या असत्या, त्या शिकल्या नाहीत. ती गोष्ट माझ्या मनातून जाईना.

निवृत्तीचं वय आपण जणू निसर्गाने घालून दिलेलं धरून चालतो. राज्य सरकारच्या बहुतेक कर्मचाऱ्यांना ते अठ्ठावन्न आहे, केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना १९९८ पासून साठ. म्हणजे एकाच इमारतीत राहणारी, एकाच वर्षी जन्मलेली दोन माणसं दोन वेगळ्या वर्षी 'म्हातारी' होतात. हा आकडा सरकारी सोयीचा आहे. आपल्या गुडघ्यांना, डोळ्यांना, स्मरणाला तो ठाऊक नसतो.

मनात ही टोचणी चालू असतानाच एका रविवारी स्थानिक संस्थेच्या मंडळींबरोबर मी खानिवड्याच्या बाजूला वीटभट्टीवर गेले. मुलांना वह्या आणि कपडे द्यायचे होते. दिवाळी सरली की जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडची कुटुंबं इथे येतात. भात, नागली, वरई कापून झालेली असते आणि घरी पुढच्या पावसापर्यंत काम नसतं. पावसाळ्यात घरातलं धान्य संपतं तेव्हा उचल घेतलेली असते. ती फेडायला नवरा-बायकोची जोडी भट्टीवर उभी राहते. मध्यरात्र उलटली की काम सुरू. माती मळायची, गारा साच्यात भरायचा, विटा पाडायच्या, उन्हात लावायच्या, उलटायच्या. मजुरी हजार विटांमागे. आठवड्याला बाजारासाठी खर्ची मिळते आणि ती मोसमाच्या शेवटी हिशेबातून वळती होते. राहायला कच्च्या विटा रचून, वर पेंढा नाहीतर प्लास्टिक घालून केलेला भोंगा. उभं राहिलं तर डोकं छपराला लागतं.

नऊ-दहा वर्षांची एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन ओळीने विटा उलटत होती. मी तिच्याशी बोलत होते, तेवढ्यात तिच्या आईने भोंग्यातून एक वही आणली आणि माझ्यापुढे धरली. पुठ्ठा फाटलेला, पानांना मातीची बोटं लागलेली. 'बाई, वाचून सांगा, किती फिटलं?' एवढंच ती म्हणाली. मी मातीतच बसले. उचल किती, विटा किती, दर काय, खर्ची किती. आकडे साधे होते. मला तो हिशेब लावायला काही मिनिटं लागली. तिच्याकडे ती वही सगळा मोसम न वाचता पडून होती. जन्मभर मी ज्यांचे हिशेब लावले त्यांच्याकडे माझ्यासारखे अनेक होते. या बाईकडे कुणीच नव्हतं.

त्या दिवशी मी काही ठरवलं नाही. पण परतताना माझ्यापुरतं एक कळलं होतं. मला जे येत होतं ते चर्चगेटच्या दिशेला जितकं लागत होतं, त्याहून किती तरी जास्त पूर्वेला लागत होतं.

या मुलखाला माणसाच्या मुक्तीचा इतिहास आहे, हे मला नंतर नीट उमगलं. वेठबिगारी रद्द करणारा कायदा १९७६ चा. पण कायदा कागदावर होता आणि लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी माणसं सावकाराच्या घरी राबत होती. १९८२ साली विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी याच वसई तालुक्यात श्रमजीवी संघटना उभी केली आणि वेठबिगारांच्या मुक्तीचा लढा दिला. त्यांच्या विधायक संसद या संस्थेने पुढे वीटभट्टीवरच्या मुलांसाठी भोंगाशाळा काढल्या. मूल शाळेपर्यंत येऊ शकत नसेल तर शाळा भोंग्यापर्यंत गेली पाहिजे, इतका सरळ तो विचार.

हा विचार याच जिल्ह्यात त्याहीआधी एका बाईंनी रुजवला होता. ताराबाई मोडक. राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजचं प्राचार्यपद सोडून त्या १९२३ च्या सुमारास भावनगरला गिजुभाई बधेकांकडे बालशिक्षण शिकायला गेल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. पुढे दादरला त्यांची शिशुविहार शाळा नावारूपाला आली. एवढ्यावर कुणीही थांबलं असतं. पण १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या दादर सोडून डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला आल्या. शहरातल्या मुलांसाठी माँटेसरी पद्धतीची महागडी साधनं होती. बोर्डीत ती कुठून आणणार? त्यांनी शिंपले, खडे, बिया, पानं, काड्या जमवल्या. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर त्या पाड्यावर गेल्या, अंगणात बसल्या. तीच अंगणवाडी. १९४५ मध्येच पुण्यातली शिक्षिकेची नोकरी सोडून अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये दोघींनी काम कोसबाडच्या टेकडीवर नेलं. तेव्हा ताराबाई पासष्टीच्या होत्या. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. १९७५ मध्ये केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली. ती पाहायला ताराबाई राहिल्या नव्हत्या. १९७३ मध्ये त्या गेल्या. अनुताई मात्र १९९२ पर्यंत त्या टेकडीवर काम करत राहिल्या.

विरारहून डहाणूची गाडी धरली तर बोर्डी काही तासांच्या अंतरावर. इतकी वर्षं मी त्या बाजूला सहलीला गेले, चिकू खाल्ले, समुद्र पाहिला. ताराबाईंचं बोर्डीला येतानाचं वय मात्र मी पहिल्यांदा मोजलं ते माझं त्यांच्यापुढे गेल्यावर. कोसबाडला पासष्टी! त्या टेकडीवर चढताना त्यांना धाप लागली नसेल असं नाही. पण शिकवण्यातलं सगळं मुरलेलं शहाणपण त्या बरोबर घेऊन चढल्या. पंचविशीत हे जमलं नसतं, कारण पंचविशीत ते शहाणपण नसतं. आणि ऐंशीत जमलं नसतं, कारण ऐंशीत ती चढण नसते. दोन्ही एकाच देहात एकत्र असण्याची वर्षं थोडी असतात. मी त्यांना चालती वर्षं म्हणते. कसब पिकलेलं असतं आणि पाय अजून चालत असतात.

महर्षी कर्व्यांकडे पाहिलं तरी हेच दिसतं. १८९१ पासून फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवून ते १९१४ मध्ये निवृत्त झाले. १९१६ मध्ये, अठ्ठावन्नाव्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठ सुरू केलं. हिंगण्याच्या आश्रमाचं काम आधीपासून चालू होतंच. निवृत्तीपर्यंत वाट पाहून ते सुरू केलेलं नव्हतं. म्हणूनच त्या वयात एवढं मोठं पाऊल टाकता आलं. पुढे एकाहत्तराव्या वर्षी ते जगाच्या प्रवासाला निघाले आणि शहाऐंशीव्या वर्षी त्यांनी समता संघ काढला. आपण सगळे कर्वे नाही. पण एवढं कळतं की उतारवयातल्या कामाची मुळं आधीच्या वर्षांत असावी लागतात.

सत्तावन्नाव्या वर्षी मी राजीनामा दिला. भावनेच्या भरात दिला नाही. मी हिशेब खात्यातली बाई. घराचा कर्जहप्ता फिटला होता, लेक मिळवती झाली होती. कर्मचारी पेन्शन योजनेत पेन्शन अठ्ठावन्नाव्या वर्षी लागू होतं आणि आधी घेतलं तर दर वर्षामागे चार टक्के कमी मिळतं, म्हणून त्याला वर्षभर हात लावला नाही. ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरीच्या प्रत्येक वर्षाला शेवटच्या पगारातले पंधरा दिवस. ती वेगळी ठेवली. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो आणि नव्या विम्यात जुन्या दुखण्यांना ठरावीक काळ थांबावं लागतं, म्हणून स्वतःच्या नावाचा विमा राजीनाम्याच्या बऱ्याच आधी काढून ठेवला. हे इथे मुद्दाम लिहिते आहे. मनासारखं काम करावं असं सांगणारे पुष्कळ भेटतात, विम्याचं कुणी सांगत नाही.

आमच्या ह्यांनी सगळे आकडे पाहिले आणि म्हणाले, 'भागेल.' सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. त्यांना काळजी वेगळीच होती. 'तिकडे दुपारी जेवशील कुठे?' त्यांनी विचारलं, आणि जुन्या डब्याला नवी पिशवी शिवून दिली. परवानगी म्हणून मला तेवढं पुरेसं होतं.

त्यानंतर मी पुन्हा विद्यार्थिनी झाले. बालशिक्षणाच्या वर्गात माझ्या दोन्ही बाजूंना विशीतल्या मुली बसायच्या. मी गाणं म्हणताना बाकांकडे पाहायचे, त्या मुली मात्र मुलांच्या डोळ्यांकडे पाहायच्या. जमिनीवर बसून उठणं, हातवारे करून गोष्ट सांगणं, मुलाने मातीत काढलेल्या रेघोट्या न पुसता त्यांतून अक्षराकडे जाणं हे सगळं मी त्यांच्याकडून शिकले. वय, हुद्दा, पगार यांनी मिळालेला मान दारात काढून ठेवावा लागतो. तो ठेवताना मला जड गेलं नाही. उलट फार वर्षांनी मला कुणीतरी काहीतरी शिकवत होतं, याचा आनंदच होता.

आता मी सकाळी शिरसाडच्या दिशेची बस धरते. आमचा वर्ग भट्टीच्या कडेला, एका आंब्याखाली भरतो. पहिला तास अंघोळ, नखं, केस यांतच जातो. मग गाणी, मग मोजणी. मोजायला विटांचे तुकडे, चिंचोके, करंजाच्या बिया. मोठ्या मुलांना आम्ही जवळच्या जिल्हा परिषद शाळेत नेतो. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला शाळा मिळण्याचा हक्क १ एप्रिल २०१० पासून कायद्यात आहे, आणि स्थलांतरित मुलांना दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्डाची सोय आहे. पण गाव सोडताना ते कार्ड आणायचं असतं हे आईबापांना ठाऊक नसतं. मग फोन करायचे, गावच्या शाळेतून नाव काढायचं, इथे पट जुळवायचा. कागदपत्रांचा कंटाळा न येणं हा गुण मला नोकरीनेच दिला, आणि तो इथे रोज उपयोगी पडतो.

दुपारी बायका जेवून सावलीला टेकतात, तेव्हा त्यांचा वर्ग असतो. त्याला वर्ग म्हणायला नको. आम्ही वह्या उघडतो. आज किती विटा पाडल्या, त्या प्रत्येकीने स्वतः लिहायच्या. आधी रेघा ओढायच्या, दहा रेघांची जुडी, मग आकडा. हजाराला दर किती, खर्ची किती घेतली, उचलीतून काय उरलं. जिला वही वाचता येत नव्हती तिने मोसमाच्या शेवटी मुकादमासमोर स्वतःचा हिशेब स्वतः सांगितला. आवाज थरथरत होता, आकडे बरोबर होते. दोन्ही वह्या ताडून पाहिल्या तेव्हा त्या जुळल्या. मी इतकी वर्षं ताळेबंद जुळवले. त्या ताळ्याइतका कुठलाच माझ्या लक्षात राहिलेला नाही.

सगळंच असं सुखाचं जुळून येत नाही. अक्षयतृतीया मागे पडली, वळवाची चाहूल लागली की भोंगे मोडतात आणि मुलं गावी निघतात. जी जुलैपर्यंत वाचायला लागली असती ती मेमध्येच दिसेनाशी होतात. पुढच्या दिवाळीनंतर काही याच भट्टीवर येतात, काही भिवंडीकडे, काही आणखी कुठे. आलेल्यांपैकी काहींना अक्षरं पुन्हा पहिल्यापासून दाखवावी लागतात. महिन्याच्या ताळेबंदाला जो शेवट असायचा तो या कामाला नाही. पण मुलांच्या ठायी वाट पाहण्याची आणि पुन्हा सुरुवात करण्याची ताकद आहे, आणि त्यांच्या सोबतीने ती माझ्यातही आली आहे. तीस वर्षांची असते तर या अपुरेपणाने मी खचले असते असं मला वाटतं. आज खचत नाही.

अर्थपूर्ण काम म्हणजे वीटभट्टीवर शिकवणंच, असं मी म्हणणार नाही. वसईच्या पश्चिमेला वाड्या विकल्या जात असताना कुणी पन्नाशीत बँक सोडून वडिलांची पानवेल पुन्हा लावली, राजेळी केळ्यांची सुकेळी करायची आजीची पद्धत हाती घेतली, तर तेही तितकंच मोठं काम आहे. आजाऱ्याच्या उशाशी बसणं, म्हातारीची कागदपत्रं करून देणं, जुन्या तळ्यातला गाळ काढणं हीही कामंच. आणि ज्यांच्या डोक्यावर अजून कर्ज आहे, मुलं शिकायची आहेत, घरात आजारपण आहे, त्यांनी नोकरी टिकवणं हेच त्यांच्या घरासाठी सगळ्यांत अर्थपूर्ण काम आहे. त्यांना कुणी कमी लेखू नये. पण ज्यांचं भागतं आहे आणि तरीही जे साठीच्या दाराशी थांबून राहिले आहेत, त्यांच्याशी मला बोलायचं आहे.

तुमच्या मनातलं काम कोणतं हे तुम्हाला बहुतेक आधीपासून माहीत असतं. नसेल तर आपल्या हातात जे कसब आहे त्याची गरज कुणाला आहे, एवढं शोधा. एखादा रविवार त्या दिशेला जा. आकडे मांडा, विमा काढा, घरच्यांशी बोला, जे येत नाही ते लहानांकडून शिका. आणि मग थांबू नका. ज्या कामावर आपलं प्रेम आहे त्याला आपण थकलेले डोळे आणि दुखरे गुडघे का द्यायचे? उत्तम वर्षं पगाराला आणि उरलेली वर्षं मनाला, ही वाटणी न्यायाची नाही. पाय चालत आहेत तोवर निघा. तुमची वाट पाहणारं कुणीतरी तिथे आहे, आणि त्याच्यापाशी तुमच्या साठीपर्यंत थांबायला वेळ नाही.